खोबरेल गोठलं की

आज पहाटे न्हाणीघरात गेले, तर खोबरेलाची बाटली गोठलेली. तळापासून गळ्यापर्यंत पांढरीफेक. उपडी केली, झटकली, तळहातावर आपटली. थेंब म्हणून पडेना. पुण्याच्या माणसाला आमची थंडी सांगितली तर तो हसेल आणि अंगातला स्वेटर काढून ठेवील. पण थंडी पडली की नाही, हे आम्ही पारा बघून ठरवत नाही. बाटलीतलं तेल गोठलं म्हणजे थंडी. दुपारी वितळलं म्हणजे गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हजर.

बाटली घेऊन ओटीवर आले. ऐंशीला टेकलेले आमचे हे कानटोपी घालून झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाडीत घालायचंय का थोडं?"

दर थंडीत हे एवढं एकच वाक्य, एकदाच बोलतात. वीसहून जास्त वर्षं झाली. मी दर वेळी "पुरे हो" म्हणून हसते. आणि हसता हसता बाटली तेव्हासारखीच पदराखाली धरते. ते त्यांना दिसत नाही.

बाहेर मोहोर आलाय. मोहोराच्या वासाला लोक गोड म्हणतात, ते चार दिवस पाहुणे आलेले लोक. आम्हाला त्यात काळजीचाच वास येतो. धुकं पडेल का, मळभ येईल का, तुडतुडे येतील का, आलेला मोहोर काळा पडून झडेल का. सगळं झाडावर असतं आणि हातात काही नसतं. घाबरायचाच हंगाम हा. आमची बाग पावसच्या अलीकडे, सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, खाली उतरलेल्या वाडीत. सकाळी कलमांखाली उभं राहिलं की मधमाश्यांचा असा आवाज येतो, की कुणी तरी लांबवर इंजिन चालू ठेवून विसरून गेलंय. मला तरी तसंच ऐकू येतं. ज्याच्या मनात जे.

मोहोर आला की ह्यांचं नाक बंद होतं, ते कैऱ्या धरेपर्यंत उघडत नाही. ह्या गोष्टीत त्या बंद नाकाला फार महत्त्व आहे.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी सत्तेचाळीस वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायचं वय मागे पडलेलं आणि अक्कल अजून वाटेत. आदल्या वर्षी मी गाडी शिकले होते. पांढरी, जुनी, बोजड गाडी. ह्यांनीच शिकवली. हे हायस्कुलात सायन्स शिकवायचे, त्यामुळे मला आधी फळ्यावर आकृती काढून दाखवली. पायाने पेडल दाबलं की वरच्या डब्यातलं तेल नळीतून खालच्या सिलिंडरला ढकलतं, सिलिंडर दांडी ढकलतो आणि क्लच सुटतो. मी मान डोलावली. त्यातलं 'तेल' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

लायसन हातात आलं त्या दिवशी मी पदर खोचून, काळा चष्मा लावून बाजारात गेले आणि दोन नारळ आणायला सव्वा तास लावला. घरी नारळांची रास पडलेली होती. पण गाडीतून आणलेल्या नारळांची चव वेगळी, असं काहीसं मी सासूबाईंना सांगितल्याचं आठवतं. त्या म्हणाल्या, "चष्मा काढ गो आधी, आंधळ्या भिकारणीसारखी दिसत्येस."

गाडीची किल्ली देवघराशेजारच्या खुंटीवर असायची. ती काढून घेताना होणारा बारीक किणकिणाट मला त्या वर्षी मंगळसूत्रापेक्षा जास्त आवडायचा. आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू?

आणि भीती होती ती त्या किल्लीचीच. हे रागावत नाहीत. रागावले असते तर मी दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. हे फक्त "राहू दे" म्हणतात आणि हातातली वस्तू काढून घेतात. एकदा मी पाण्याचा पंप पाणी न भरता चालू केला, तो जळला. "राहू दे," म्हणाले. त्या दिवसापासून आजतागायत पंपाला माझा हात लागलेला नाही. किल्लीच्या बाबतीत तेच दोन शब्द ऐकायची माझी तयारी नव्हती.

आता गुन्हा सांगते.

दिवाळीनंतर हे चार दिवस पुण्याला ट्रेनिंगला गेले. जाताना म्हणाले, "डब्यातलं तेल बघत जा. कमी झालं तर मला सांग." दुसऱ्याच दिवशी बाजारातून येताना क्लचचं पेडल कणकेत पाय रुतावा तसं खाली गेलं. मी बॉनेट उघडलं. आत जुळ्या भावांसारखे दोन छोटे डबे, एक क्लचचा, एक ब्रेकचा. एकाचं झाकण काढलं, तर तेल तळाला गेलेलं. घरात ब्रेक ऑइलची बाटली होती, ती रिकामी. सांगायला हे नव्हते. आणि खरं म्हणजे सांगायचंच नव्हतं. 'तुझ्या हातात दिली आणि बिघडली' असं ते म्हणाले नसते, पण त्यांच्या भुवया म्हणाल्या असत्या.

मग त्या काळ्या चष्म्यावालीने विचार केला, की तेल ते तेल. आणि आपल्या घरी तर घाण्यावरून काढून आणलेलं, घरच्या खोबऱ्याचं, भेसळीचा थेंब नसलेलं तेल आहे! बाजारच्या त्या पिवळट पाण्यापेक्षा गाडीचं भलंच होईल. मी छोटी वाटी घेऊन गेले आणि धार लावून ओतलं. नैवेद्यावर तूप सोडावं तसं, मन लावून.

आणि पेडल सुधारलं हो! दोन महिने गाडी तक्रार न करता चालली. मी मनात ठरवूनही टाकलं, की कधी तरी योग्य वेळ बघून ह्यांना ही युक्ती सांगायची.

मग पौष आला, आणि एका पहाटे न्हाणीघरातली बाटली गोठली. त्याच सकाळी हे शाळेत जायला गाडीत बसले आणि म्हणाले, "क्लच एवढा जड का झालाय?" मी हातात ती पांढरी बाटली धरून दारात उभी. बाटलीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि बाटली पदराखाली लपवली.

त्यानंतरचे दिवस मी चोरासारखे काढले. सकाळी क्लच जड, दुपारी हलका. हे चक्रावलेले. मग गाडीखाली थेंब दिसायला लागले. शेणाने सारवलेल्या खळ्यात, बरोबर गाडीच्या पोटाखाली, ओला डाग. आणि दुसऱ्या दिवशी त्या डागाला मुंग्या! अंगणाच्या कडेपासून शिस्तीत ओळ आलेली. मी पाय फिरवून त्या पांगवायची, त्या पुन्हा यायच्या. सासूबाई ओटीवरून बघत होत्या. त्यांचं नाक अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही शाबूत होतं.

"काय गो, गाडीला नारळीभाताचा वास येतोय?"

"मोहोराचा असेल," मी म्हटलं.

"होय होय. मोहोर गाडीला आलाय," त्या म्हणाल्या आणि तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

माघी गणपतीला आंजर्ल्याला, कड्यावरच्या देवळात, जायचा सासूबाईंचा नवस होता. आमच्या मुग्धाला कॉलेजात हवी ती शाखा मिळाली होती, त्याबद्दलचा. चौघांनी गाडीने जायचं, वाटेत घाटच घाट. तोवर गाडी दुरुस्त करायची म्हणून हे रत्नागिरीहून खालचा नवा सिलिंडर घेऊन आले. मेस्त्रीकडे गाडी न्यायची म्हणजे ती चालायला हवी, आणि क्लच तर पार बसलेला. शिवाय सायन्सच्या मास्तराला हाताला काळं लावून घ्यायची हौस. सणाच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर त्यांनी गाडीचं तोंड जॅकने उचललं, पुढच्या चाकांखाली जांभ्याचे चिरे रचले आणि गोणपाट अंथरून ते खाली सरकले.

मला अजून ते चिरे दिसतात. जांभा बाहेरून केवढा दणकट वाटतो, पण त्याला भोकं भोकं असतात. घराच्या पायाला पन्नास वर्षं तो चालतो, हे मला माहीत होतं. पण घराखाली माझा नवरा झोपलेला नसतो. गाडीखालून ह्यांचे फक्त पाय दिसत होते, टाचांना भेगा पडलेले, आणि बाजूला काढून ठेवलेल्या चपला. चपला तशा जोडीने ठेवलेल्या मला बघवेनात. मी वाकून त्यातली एक उगाचच लांब सरकवली.

"पाना दे. बारका." मी दिला. "हा नाही, त्याहून बारका."

खाली खुडबुड झाली, थोडं तेल गोणपाटावर पडलं, बाकीचं शेजारी ठेवलेल्या पत्र्यात ठिबकलं.

"अगं, हे बघ. नळीत पांढरं पांढरं काय आलंय. लोण्यासारखं." ह्यांनी बोट बाहेर काढून दाखवलं. बोटाला माझं घरचं, भेसळ नसलेलं तेल. ह्यांनी ते बंद नाकाखाली धरलं, हुंगलं आणि शिंकले. "ओल शिरली असणार आत. खाऱ्या हवेने."

"तर काय," मी म्हटलं. "समुद्र जवळच आहे."

इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की मला त्या बाईच्या एक ठेवून द्यावीशी वाटते. माणूस तुमच्या पापाखाली उताणा झोपलाय, त्याच्यावर टनभर लोखंड आहे, आणि तुम्ही त्याला समुद्राच्या नावाने थापा मारताय.

नवा सिलिंडर बसला. डबा पुसून त्यात नवं ऑइल भरलं. मग नळीतली हवा काढायची. त्याला माणसं दोन लागतात, एक पेडलवर आणि एक खाली निपलपाशी. मी वर जाऊन बसले.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

खालून पाना फिरायचा, फुसकन हवा जायची. "सोड." मी सोडायची. पुन्हा "दाब." मी दाबलं की गाडी किंचित खाली बसतेय असं मला वाटायचं. 'दाब' आला की मी चिऱ्यांचं नाव घ्यायची, 'सोड' आला की गणपतीचं. वीसेक वेळा झालं असेल. एवढ्या सगळ्या वेळात माझी नजर समोरच्या उघड्या बॉनेटकडे होती आणि बॉनेटच्या फटीतून ते दोन डबे दिसत होते, शेजारी शेजारी. त्यातला क्लचचा डबा आता धुऊन पुसून स्वच्छ झाला होता. आणि तेव्हा कुठे माझ्या त्या थोर डोक्यात प्रश्न आला, की दुसऱ्याचं काय?

मी खरंच एकाच डब्यात ओतलं होतं?

आठवायला गेले की हातात वाटी दिसायची, धार दिसायची, पण धार कुठे थांबली ते दिसायचं नाही. पहिला डबा भरला, वाटीत थोडं उरलं. मग? मग मी काय केलं असेल? जन्मभर पंगतीत वाढलेली बाई मी. एकाच्या पानात वाढून शेजारच्याला कोरडा ठेवून पुढे गेलेय, असं कधी झालं नाही. वाढपी बाईचा हात आपोआप दुसऱ्या पानाकडे वळतो, त्याला डोकं लागत नाही.

"झालं!" ह्यांचा आवाज आला. "पेडल बघ, कसं टणक झालंय."

झालं होतं खरं. हे बाहेर आले, चिरे काढले, गाडी जमिनीवर टेकवली, हात धुतले आणि किल्ली फिरवली. "घाटीपर्यंत एक फेरी मारून येतो." मुग्धा धावत येऊन पुढे बसली. सासूबाई म्हणाल्या, "मलाही ने रे, जरा वारा लागेल," आणि पदर सावरत मागे बसल्यासुद्धा.

आमच्या घरापासून रस्ता आधी सड्यावर चढतो. सड्यावरून पलीकडे तो खाडीकडे उतरतो, तीच घाटी, आणि तो उतार असा आहे की बैलगाडीवाले बैल सोडून माणसं लावत. खाली वळण आहे. वळणाला कठडा आहे, तो गुडघ्याएवढा. त्या गाडीत माझं सगळं होतं. नवरा, मुलगी, सासू. मी तेवढी फाटकाशी, हातात ओला फडका धरून.

एक बोलले तर किल्ली जाणार होती. न बोलले तर काय जाणार होतं, ते समोर ओळीने बसलेलं होतं. ह्यात विचार करण्यासारखं काय आहे? तरी मी केला. गाडी फाटकाशी येईस्तोवर मी विचार केला. तेवढ्या पाच-सात क्षणांची लाज मला अजून वाटते, गोठलेल्या तेलाची नाही.

मी फडका टाकला आणि दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभी राहिले.

"अगं, बाजूला हो! काय झालं?"

"तेल," मी म्हटलं.

"कसलं तेल?"

"खोबऱ्याचं."

ह्यांनी इंजिन बंद केलं. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस गो बाई एकदाची." मुग्धा आळीपाळीने सगळ्यांची तोंडं बघत होती. मी सगळं सांगितलं, दिवाळीपासून मुंग्यांपर्यंत. हे ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, "दुसऱ्यात?"

"आठवत नाही."

"म्हणजे?"

"वाटीत उरलं असेल, तर वाढलं असेल. एकाला वाढलं, दुसऱ्याला कसं..." मुग्धाला हसू फुटलं आणि ह्यांच्याकडे बघून ते तिथेच विरलं.

ह्यांनी बॉनेट उघडून ब्रेकच्या डब्यात डोकावलं. संध्याकाळच्या उन्हात तेल ते तेलच दिसत होतं. नाक तर बंद. सायन्सच्या मास्तराला काही सुचेना. सुचलं ते मला, कारण ते सायन्स माझ्या न्हाणीघरातलं होतं. मी दोन वाट्या आणल्या. एकीत गोणपाटाजवळच्या पत्र्यात साठलेलं जुनं क्लचचं तेल घेतलं, दुसरीत ह्यांनी चमच्याने ब्रेकच्या डब्यातलं वरचं वर काढून दिलं. दोन्ही वाट्या नेऊन फ्रिजमध्ये ठेवल्या, दुधाच्या पातेल्याशेजारी.

तो अर्धा तास! हे ओटीच्या पायरीवर बसले होते. सासूबाईंची जपमाळ हातात होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. मुग्धा दोनदा फ्रिज उघडायला गेली आणि दोनदा मी तिला हाताला धरून मागे ओढलं. फ्रिजची घरघर, बाहेर मधमाश्यांची घरघर. नापास झालेय हे ठाऊक असून निकालाला उभं राहावं, तसं वाटत होतं. देवा, एकच गोठू दे. एकच.

मी दार उघडलं. क्लचची वाटी दह्यासारखी घट्ट लागलेली. दुसरी मी उजेडात आणली. हलवली. तेल हललं. माझा श्वास सुटला आणि तेवढ्यात दिसलं, की वरती काही तरी हलत नाहीये. पातळ, पांढरी, दुधावर धरावी तशी साय.

हे उठून आले. त्यांनी बोटाने ती साय एका कडेला केली. मग ते बोट सदऱ्याला पुसत राहिले, पुसून झालं तरी. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघत होते. तोवर मला वाटायचं, घरातलं घाबरण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, मुग्धाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिथेच पाटावर बसले.

सासूबाईच बोलल्या. "गणपतीला नारळ वाहायचा असतो गो. तू गाडीलाच वाहून मोकळी झालीस!" आणि मग आवाज उतरवून, "तो काय कड्यावरून पळून जातोय? जाऊ सावकाश."

रत्नागिरीहून मेस्त्री घरी आला. आठवडाभर गाडी खळ्यात उघडी पडून होती. त्याने एका चाकातलं रबर काढून माझ्या तळहातावर ठेवलं, रात्रभर भिजवलेल्या वालासारखं टपोरं फुगलेलं. "वहिनी, थोडंच उतरलं होतं आत. पण घाटात..." एवढं बोलून त्याने जीभ टाळ्याला लावून च्च केलं. ते रबर मी शिवणाच्या डब्यात ठेवलं. अजून आहे.

त्या आठ दिवसांत मी खुंटीकडे बघितलं नाही. हेही काही बोलले नाहीत. 'राहू दे' केव्हा येतं, याचीच मी वाट बघत होते. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, झाडाखाली पडलेला मोहोर झाडताना. न आलेला शब्द असा डोक्यावर टांगलेला असला, की साध्या हाकेलाही ओ द्यायला माणूस कचरतो.

नवव्या दिवशी सकाळी मेस्त्रीने हात पुसले आणि म्हणाला, "घ्या, बघा आता." ह्यांनी किल्ली घेतली, दोन पावलं गाडीकडे गेले, वळले आणि ती माझ्यापुढे धरली.

"मी?" मी म्हटलं. "अहो, नको. मला भीती वाटते."

"म्हणूनच," हे म्हणाले. "तू उतारावर आधीपासून ब्रेक दाबशील. मी बसतो शेजारी."

मी चष्मा लावला नाही. पदर खोचला. सड्यावर चढले, आणि पलीकडे खाडीचं पाणी दिसल्याबरोबर पहिल्या गिअरमध्ये उतरायला लागले. दर दहा पावलांवर ब्रेक. गाडी थांबायची, आम्ही दोघं पुढे वाकायचो, पुन्हा मागे. मागून आलेला एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि वळून हसला. कठड्यापाशी मी गाडी पुरती उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हे खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "उतरताना चांगली चालवतेस."

पुढच्या संकष्टीला आम्ही आंजर्ल्याला गेलो. सासूबाईंनी नारळ देवालाच वाहिला, आणि मी नीट बघितलं.

आज दुपारी नात येणार होती. आली, नवी कोरी गाडी घेऊन. "आजी, चल, चक्कर मारू. ह्यात क्लचच नाहीये, माहितीये?"

"ब्रेक आहे का?" मी विचारलं.

"आजी!"

"त्याचं तेल कुठे असतं, ते दाखव आधी."

तिने हसत बॉनेट उघडलं आणि एका डबीकडे बोट केलं. मी झाकण फिरवलं, वाकले आणि वास घेतला. झोपाळ्यावरून हे बघत होते. ह्यांचं नाक बंद होतं, नेहमीसारखं.

खोबऱ्याचा नव्हता. मग मी गाडीत बसले.